मागाच्या शेडमध्ये होडी

सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या स्लीपर डब्यात रात्री सगळे झोपायच्या तयारीत असताना मी टेप घेऊन बर्थ मोजत होतो आणि नेमका तेव्हाच टीसी आला. काय मोजताय म्हणाला. होडी, म्हटलं. त्यानं तिकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढं गेला, बहुतेक अशी माणसं त्याला रोज भेटत असणार. लांबी सहा फूट, रुंदी साधारण दोन फूट, खालच्या बर्थवर बसलं तर डोकं वरच्या बर्थला लागतं का लागत नाही असं होतं. मला हवं होतं ते माप हेच. सोलापूरची निम्मी जनता मुंबईला एवढ्याच जागेत झोपून जाते आणि सकाळी उठून कामाला लागते, म्हणजे एवढ्यात झोप लागते हे सिद्धच झालेलं आहे.

तर मी सोलापुरात होडी बांधतोय. हो, समुद्र नाही, माहितीये. रत्नागिरी आमच्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. मित्र पहिल्यांदा शेडमध्ये आला तेव्हा दारातच थांबला आणि म्हणाला, "काय करालास बे हे?" सांगितल्यावर म्हणाला, "कंबर तलावात सोडणार का?" नाही लका, कोकणात. नोव्हेंबर ते मार्च मी आणि बायको रत्नागिरीपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत या खाडीतून त्या खाडीत, होडीतच राहायचं, होडीतच शिजवायचं आणि पाऊस यायच्या आत होडी वर ओढून घरी यायचं. एवढाच प्लॅन. जगप्रदक्षिणा वगैरे काही नाही.

शेड आप्पांचा, म्हणजे वडिलांचा. आप्पा आयुष्यभर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस, आधी मिलमध्ये, मग यंत्रमागावर आणि शेवटी स्वतःचे सहा माग टाकले. ते माग चार वर्षांपूर्वी भंगारात गेले. किलोवर गेले, आणि काट्यावर वजन होताना आप्पा चहा प्यायला निघून गेले होते एवढंच सांगतो. मागं उरला तीस फुटी शेड, जमिनीत मागाचे बोल्ट, भिंतीला अजून चिकटलेला कापसाचा फुफाटा. लोक म्हणाले भाड्यानं द्या. मी म्हटलं थांबा जरा.

डिझाइन म्हटलं की लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर सुंदर रेषा काढायच्या. मलापण वाटलं होतं. पहिले सहा महिने मी नुसती चित्रं काढली, तीस फुटी होडी, आत उभं राहता येईल एवढी उंची, शॉवर, फ्रिज, सगळं. मग एकदा बसून वजनं मांडली आणि सगळा उत्साह उतरला. पाण्यावर तरंगणारी वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढंच तिचं वजन, हे शाळेत आर्किमिडीज म्हणून पाठ केलेलं. पण त्याचा खर्चाशी काय संबंध ते कुणी सांगितलं नव्हतं. समुद्राचं पाणी एका घनमीटरला साधारण 1025 किलो. तुम्ही आत एक फ्रिज ठेवला तर तेवढं पाणी जास्त सारायला पाहिजे, म्हणजे पोट मोठं, पोट मोठं म्हणजे प्लाय जास्त, प्लाय जास्त म्हणजे परत वजन, मग शीड मोठं, डोलकाठी जाड, नांगर जड, आणि त्या फ्रिजला वीज पाहिजे म्हणून बॅटरी, ती परत जड. लांबी, रुंदी, खोली तिन्ही दहा टक्क्यांनी वाढवलं की वजन 33 टक्क्यांनी वाढतं, 1.1 चा घन करून बघा. पैसेपण जवळपास त्याच वाटेनं जातात. तेव्हा स्वस्त होडीची आयडिया कुठल्या दुकानात मिळत नाही, ती यादीत एकेक ओळ खोडत गेलं की मिळते. फ्रिज खोडला. शॉवर खोडला. उभं राहणं खोडलं, उभं राहायचं असेल तर डेकवर या, हवापण चांगली असते. तीस फुटाची एकवीस फूट झाली.

आणि एकवीसच का, तर बावीस फुटी ट्रकमध्ये बसते म्हणून. हे मी पहिल्यांदा सांगायला पाहिजे होतं खरं. आंबा घाटातली वळणं डोळ्यासमोर आणा. बांधलेली आख्खी होडी तिथून न्यायची तर परवाने, मोठा ट्रेलर, त्यातच निम्मे पैसे. म्हणून दोन हल, हल म्हणजे होडीचं पोट, अशी दोन बारीक लांब पोटं वेगवेगळी बांधायची, ट्रकमध्ये शेजारी शेजारी झोपवायची आणि तिकडं वाळूवर नेऊन आडव्या दांड्यांनी जोडायची. कॅटामरान. हा शब्दच मूळ तमिळ, कट्टुमरम, बांधलेली लाकडं. शेजारच्या पद्मशाली काकांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, आमच्या तेलुगूत पण कट्टू म्हणजे बांध की. तेलुगू वस्तीच्या पूर्व भागात राहिल्याचा हा फायदा, अर्ध्या शब्दाचा अर्थ ओट्यावरच मिळाला. दांड्या बोल्टनं घट्ट न करता दोरानं आवळायच्या, हे मी जेम्स व्हॅरम या इंग्रज माणसाकडून उचललं. त्यानं 1955-56 मध्ये साडेतेवीस फुटी घरी बांधलेल्या कॅटामराननं अटलांटिक पार केला आणि पुढं आयुष्यभर सामान्य माणसाला परसात बांधता येतील अशा होड्यांचे नकाशे विकले. त्याचं म्हणणं, लाटेवर दोन पोटं वेगवेगळी हलू पाहणार, तिथं लोखंड अडवून धरलं की कधीतरी लाकूड फाटणार, दोर मात्र थोडा देतो-घेतो. आप्पांना हे एका झटक्यात पटलं. मागात पण चामड्याचा पट्टा आणि धोट्याला फटका मारणारा लाकडी दांडा असतोय, म्हणाले, सगळं लोखंड केलं असतं तर धोटा दोन दिवस टिकला नसता.

उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचं लाकूड जोडलेली, होडी कोकणात आधीपासून आहेच म्हणा. आपण उगाच इंग्रजाचं नाव घेतो.

प्लायची गोष्ट सांगतो. मरीन प्लाय म्हणजे आयएस 710 चा शिक्का असलेला, तो 72 तास उकळून सुद्धा थर सुटता कामा नयेत असं मानक आहे. शिक्का तर काय सगळेच मारतात. मी तीन दुकानांतून वीतभर तुकडे आणले, त्यांच्यावर पेनानं नावं घातली आणि पातेल्यात टाकून परसातल्या चुलीवर तीन दिवस तीन रात्री उकळत ठेवले, रात्री गजर लावून उठून पाणी आणि लाकडं टाकत. आईनं पहिल्या दिवशी विचारलं कसली भाजी आहे. दुसऱ्या दिवशी एक तुकडा खारी बिस्किटासारखा पापुद्रे पापुद्रे सुटून वर आला, शिक्का मात्र व्यवस्थित दिसत होता त्याच्यावर. उरलेल्या दोनमधला स्वस्त तो घेतला. जड आहे जरा, हे जड प्रकरण पुढं येणारच आहे.

बांधायची पद्धत टाके आणि गोंद. म्हणजे प्लायचे तुकडे कपड्यासारखे कापायचे, कडेनं भोकं पाडायची, तांब्याच्या तारेनं टाके घालून एकमेकांना जोडायचे, की सपाट तुकड्यांना आपोआप होडीचा आकार येतो. मग आतून सांध्यात इपॉक्सीची, म्हणजे दोन भाग कालवल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाची, खीर भरायची, वर काचेच्या धाग्याचं कापड चिकटवायचं. 1962-63 मध्ये इंग्लंडात मिरर नावाची छोटी होडी या पद्धतीनं आली आणि हजारो लोकांनी घरी बांधली. आणि शिवलेली जहाजं आपल्याकडं तर जुनीच, परवा 2025 मध्ये नौदलात आलेलं कौंडिण्य हे जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून काथ्यानं शिवून केलेलं आहे. अजिंठा! तिथून तरी समुद्र कुठं दिसतो? कुणीतरी बघून आलेल्यानं भिंतीवर काढलं असणार. सोलापूरला नावं ठेवणाऱ्यांना मी हे ऐकवतो हल्ली.

इपॉक्सीनं मात्र माझी लाज काढली. डब्यावर लिहिलेलं असतं, 25 अंशाला पंचवीस-तीस मिनिटं वेळ मिळतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तो वेळ साधारण निम्मा होतो. आता सोलापूरचा एप्रिल, शेडवर पत्रा, आत किती असेल ते सांगत नाही. मी आपलं शहाण्यासारखं अर्धा लिटर एकदम कालवलं प्लास्टिकच्या मगात, म्हटलं सारखं सारखं कोण कालवणार. ब्रश घ्यायला वळलो, एक सांधा भरला, दुसऱ्याला मग उचलतोय तर हाताला चटका. बघतो तर आत पिवळसर फेस उकळतोय आणि धूर. जाड थरात त्याची उष्णता बाहेर पडत नाही, ती आतल्या आत वाढते, वाढली की आणखी जोरात घट्ट व्हायला लागतं, असं ते चक्र. मगाचं बूड वाकलं, मी तो धरून अंगणात पळालो आणि तुळशीपासून लांब फेकला. आई बाहेर आली, धुराकडं बघितलं आणि म्हणाली, "पाण्यात जायच्या आधीच जळाली की रे तुझी नाव." हजार रुपयांच्या आत नुकसान झालं पण ते वाक्य अजून घरात चालू आहे, दूध उतू गेलं तरी.

त्यानंतर मी रात्री काम करायला लागलो. दिवस मावळल्यावर, आणि त्याला दुसरंपण कारण आहे. लाकडात हवा असते. सकाळी कालवून लावलं तर दिवस तापेल तशी ती हवा फुगते आणि इपॉक्सीत बुडबुडे काढते, संध्याकाळनंतर लाकूड गार होत असतं तेव्हा ते उलट इपॉक्सी आत ओढून घेतं. मगाऐवजी पसरट थाळी, एका वेळी वाटीभर माल, आणि घट्टपणाला सुताराकडचा भुसा आईच्या मैद्याच्या चाळणीतून चाळून. चाळणी नवीन आणून दिली नंतर. रात्री नऊ ते बारा, रेडिओ, आणि समोरच्या शेडमधले माग चालू असायचे तेव्हा तो खडखडाट. आप्पा खुर्ची टाकून बसायचे. काही बोलायचे नाहीत, फक्त कधीतरी म्हणायचे, तिसऱ्या नंबरचा पिकिंग, म्हणजे धोट्याला बसणारा फटका, बिघडालाय त्यांचा, आवाज ऐक.

शिडाच्या वेळी खरे ते कामाला आले. मी आधी निळी ताडपत्री कापून शीड करणार होतो, जगभर स्वस्तात बांधणारे करतात, एखादा हंगाम टिकते. मग पॉलिएस्टरचं शिडाचं खास कापड मागवलं, महाग पडलं. आप्पांनी ते हातात घेतलं, उभं ओढलं, आडवं ओढलं, मग कोपऱ्यात धरून तिरकं ओढलं आणि डोळ्याजवळ नेऊन ताणा-बाणा, म्हणजे उभे-आडवे धागे, बघितला. म्हणाले, "बाणा जास्त घट्ट आहे याचा. जिथं जास्त ओढ बसणार तिथं बाणा सरळ आला पाहिजे. तिरकी ओढ बसली की हे फसणार." मी हेच इंग्रजीतून वाचून समजून घ्यायला तीन आठवडे घालवले होते, की शिडाच्या मागच्या मोकळ्या कडेला सगळ्यात जास्त ताण, म्हणून पट्ट्या त्या कडेला काटकोनात लावतात, म्हणजे बाणा कडेला समांतर येतो. त्यांनी कधी शीड बघितलेलं नाही.

शिवायला गल्लीतल्या वहिनी, त्या युनिफॉर्मच्या कारखान्यासाठी घरी मशीन चालवतात. मी त्यांना समजावत होतो की शीड सपाट नको, त्याला पोट पाहिजे, तरच वारा ओढतो, त्यासाठी प्रत्येक पट्टीची कड मधे फुगीर आणि टोकाला निमुळती कापून शिवायची. कागदावर चित्र काढलं, गणित सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ब्लाउजचे टक्स की भाऊजी." हो. ब्लाउजचे टक्स. मी वही मिटली. फक्त दोरा उन्हात टिकणारा वापरायला सांगितला, कारण शिडात कापडाच्या आधी दोरा मरतो उन्हानं.

राहण्याच्या बाबतीत तर मला वाटतं आम्ही सोलापूरकर जन्मतः तयार आहोत. बाहेरचे लोक लिहितात, होडीवर पाणी कसं जपून वापरायचं, माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-स्वयंपाकाला. आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आईला विचारलं दोघांना दहा दिवस ऐंशी लिटर पुरेल का, तर म्हणाली भांडी समुद्रात घासणार ना, मग उरेल. भाजी धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं झाडाला, हे तिचं गणित कुठल्याही तांडेलाला लाजवेल. खायला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दोन्हीला फ्रिज लागत नाही. जुन्या जहाजांवर कडक बिस्किटं न्यायचे म्हणे, त्यात किडे व्हायचे. आमच्या भाकरीला नीट डब्यात ठेवली तर काही होत नाही, फक्त दात पाहिजेत. वीज म्हणजे शंभर वॅटचं सोलर पॅनल, एक बॅटरी, दोन दिवे, फोन आणि वायरलेस सेट. संडास म्हणजे बादली आणि भुसा, यावर बायकोशी वाटाघाटी चालू आहेत.

आईची काळजी मात्र चेष्टेवारी नेता येत नाही. मे 2024 मध्ये उजनीच्या फुगवट्यावर कुगावहून कळाशीला जाणारी बोट वळवाच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. आपल्याच जिल्ह्यात. ती बातमी तिनं त्या दिवशी टीव्हीवर बघितली आणि रात्री शेडमध्ये येऊन एकच विचारलं, ही उलटली तर? मी तिला खोटं सांगितलं नाही. कॅटामरान सहजासहजी कलंडत नाही पण उलटलीच तर उलटीच राहते, दोन माणसांनी सरळ होत नाही. म्हणून शीड लहान ठेवलं, आकडे सांगतात त्याच्यापेक्षा लहान, पुढच्या-मागच्या टोकांना बंद कप्पे करून फोम भरला, म्हणजे पाणी भरलं तरी बुडणार नाही, धरून बसता येईल. लाइफ जॅकेट अंगात, पेटीत नाही. तटरक्षक दलाचा 1554 नंबर आत रंगानं लिहून ठेवलाय. आणि ढग दिसला की खाडीत, जेमतेम दीड फूट पाणी लागतं हिला, ओहोटीला चिखलात सरळ बसते. आईचं समाधान झालं का? नाही. पण कप्पे तिनं स्वतः ठोकून बघितले.

कोकणचा वारा तसा नियमाचा आहे, हिवाळ्यात तरी. भूगोलाच्या पुस्तकातले मतलई वारे आणि खारे वारे, पहाटे जमिनीकडून, दुपारनंतर समुद्राकडून, बराचसा वायव्येकडचा. म्हणजे दक्षिणेला जाताना दुपारचा वारा पाठीशी, आणि परत वर येताना पहाटे लवकर निघून मतलईवर जेवढं कापता येईल तेवढं कापायचं आणि दुपारी नांगर टाकून झोपायचं. रत्नागिरी ते विजयदुर्ग पंचवीसेक सागरी मैल, ताशी चार-पाच मैल धरले तरी दिवसाउजेडी पोचतो. सगळे आकडे अजून कागदावरचे आहेत.

कागदावरचा एक आकडा मात्र डिसेंबरात पाण्यात जाऊन आला. दोन्ही हल ट्रॅक्टर ट्रॉलीवर घालून उजनीच्या फुगवट्यावर नेले. जाताना वाटेत उसाच्या वजनकाट्यावर थांबलो, काटेवाल्यानं ट्रॉलीकडं बघून विचारलं कुठल्या कारखान्याचा माल. पहाटे वारा नव्हता, लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग होती, मच्छीमार आपापल्या होड्यांतून बघत होते. दोन हल पाइपनं तात्पुरते जोडले आणि ढकलले. तरंगले. बायकोनं टाळ्या वाजवल्या, आणि मी खाली वाकून मोजपट्टी लावली. रिकाम्या होडीचं पाणी कुठपर्यंत यायला पाहिजे याची पेन्सिलची रेघ मी बांधतानाच मारली होती. पाणी त्याच्या वर तीन सेंटीमीटर. माझ्या हिशोबानं एका हलला एक सेंटीमीटर बुडायला 23 किलो लागतात. दोन हल, तीन सेंटीमीटर, 138 किलो. काट्यावरचा आकडा दहाच्या पटीत येतो पण तोही तेच म्हणत होता. समुद्राचं पाणी जड असतं म्हणून तिकडं पंधराएक किलोची सूट मिळेल, बाकी सगळा तो स्वस्त जड प्लाय, आणि रात्री बारा वाजता कंटाळून जाड हातानं थापलेलं इपॉक्सी.

घरी आल्यावर यादी परत काढली. दुसरा नांगर ठेवला, तो खोडायचा नाही. पुस्तकांची पेटी खोडली. इंजिन 9.9 ऐवजी 6 हॉर्सपॉवरचं. गाद्या पातळ, म्हणजे दुमडलेल्या दोन सोलापुरी चादरी, तेवढा तर हक्क आहे. डेकचा एक भाग फळ्यांऐवजी जाळीचा. तरी साठ-सत्तर किलो जास्तच राहतं. आजवर चार लाख दहा हजार खर्च झालाय आणि डोलकाठी अजून यायची आहे, होडीच्या पोटाला एकूण खर्चाचा एक तृतीयांशच लागतो असं अनुभवी लोक सांगायचे तेव्हा मला ते अतिशयोक्ती वाटायची. नोंदणीच्या कागदपत्रांवर तर वेगळं लिहीन, आत्ता नको.

काल रात्री मी हलवर वाकून ती जुनी रेघ पॉलिशपेपरनं पुसत होतो, नवी रेघ वर मारायची म्हणून. आप्पा खुर्चीतच होते. त्यांना कुणीतरी कोकणातल्या माणसानं मिलमध्ये असताना सांगितलेलं, की भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीची पाऊणपट. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराला भरती, पुढं रोज पाऊण तास उशिरा. अंदाज येतो, खरं टेबल बघावंच लागतं, जागेप्रमाणं तासाभराचा फरक पडतो. पण आप्पांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, अजून तोंडपाठ आहे.

"पाण्यात सोडायची कधी म्हणालास?"

"पुढच्या नोव्हेंबरात, पंचमी बघतोय."

"पाच पाऊण पावणेचार," ते म्हणाले, "म्हणजे जेवून सोडता येईल." आणि उठून समोरच्या शेडच्या आवाजाकडं कान देत बाहेर गेले.